केबलही जोडलेली, वाय-फायही चालू: कॉम्प्युटरला रस्ता कसा ठरवून द्यायचा

वाय-फायवर इंटरनेट व्यवस्थित चालू असतं. नेटवर्क डिस्क किंवा दुसरा कॉम्प्युटर थेट जोडावा म्हणून लॅनची केबल खोचली, की ब्राउझर नुसता फिरत बसतो. केबल काढली की पुन्हा सगळं सुरळीत. अशा वेळी बहुतेक जण केबल बदलून बघतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात, शेवटी विंडोजच नव्याने टाकायला निघतात. यातलं काहीच बिघडलेलं नसतं. ज्या बाजूला इंटरनेट नाही, त्याच बाजूने कॉम्प्युटर इंटरनेटचा ट्रॅफिक पाठवायला लागलेला असतो, एवढंच.

घरच्या कॉम्प्युटरवर केबल आणि वाय-फाय दोन्ही एकत्र वापरता येतात, आणि नीट बसवली की ही जोडणी फार सोयीची पडते. ज्यांनी नेटवर्कच्या सेटिंगला आजवर हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी मी हे पायरीपायरीने लिहितो आहे. मुख्य वर्णन विंडोज १० आणि ११ चं आहे. मॅक आणि लिनक्सची माहिती पुढे थोडक्यात येईल.

लिहिण्याबाबत एक सूचना. कमांड आणि आयपी अ‍ॅड्रेस इथे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच करा.

१. आधी काम कुठलं ते ठरवा

'दोन्ही नेटवर्क जोडायची आहेत' असं म्हणून सुरुवात केलीत तर हमखास गोंधळ होतो, कारण या एका वाक्यात तीन वेगवेगळी कामं लपलेली असतात.

पहिलं काम: इंटरनेट वाय-फायवरून, आणि केबलवर फक्त घरातलं एखादं यंत्र, म्हणजे नेटवर्क डिस्क, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर किंवा दुसरा कॉम्प्युटर.

दुसरं काम: इंटरनेट दोन्हीकडून येतं, पण एरवी केबल वापरली जावी आणि केबल निघाली तर वाय-फायने सांभाळून घ्यावं.

तिसरं काम: ज्या यंत्राला वाय-फाय नाही, त्याला आपल्या कॉम्प्युटरमार्फत केबलने इंटरनेट द्यायचं.

पहिल्यासाठी पायरी ४, दुसऱ्यासाठी ५, तिसऱ्यासाठी ७. पायरी २ आणि ३ मात्र तिघांनाही लागतात. त्या वगळू नका.

काय काय लागेल:

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क असलेलं विंडोजचं खातं
- लॅन पोर्ट, किंवा तो नसेल तर यूएसबीचं लॅन अ‍ॅडॅप्टर
- साधी लॅन केबल. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला पूर्वी क्रॉसओव्हर केबल लागायची. गिगाबिट पोर्ट असेल तर आता तिची गरज नाही
- घरच्या राउटरचा लॉगिन पासवर्ड. रोज लागणार नाही, पण अ‍ॅड्रेस बदलायची वेळ आली तर लागेल
- कागद आणि पेन

२. दोन्ही बाजूंचे अ‍ॅड्रेस कागदावर उतरवा

स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही कमांड चालवा. प्रत्येक अ‍ॅडॅप्टरखाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे (आपल्या नेटवर्कबाहेर जायचं दार, बहुधा राउटरचा अ‍ॅड्रेस) अशा ओळी दिसतील. 'इथरनेट' म्हणजे केबल, 'वाय-फाय' म्हणजे वाय-फाय. दोघांच्या तिन्ही ओळी कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा.

आता आकडे ताडून बघा. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर अ‍ॅड्रेसचे पहिले तीन भाग म्हणजे नेटवर्क आणि शेवटचा भाग म्हणजे त्यातलं यंत्र. समजा, वाय-फायवर १९२.१६८.१.२३ आहे आणि केबलवर १९२.१६८.५०.१०. ही दोन वेगळी नेटवर्क झाली, पुढे जायला हरकत नाही. पण वाय-फायवर १९२.१६८.१.२३ आणि केबलवर १९२.१६८.१.४० असेल, आणि दोन्ही टोकं वेगवेगळ्या राउटरला किंवा यंत्राला जोडलेली असतील, तर इथेच थांबा. कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही बाजूंचं नेटवर्क एकच आहे, आणि १९२.१६८.१.५० ला गाठायचं असेल तर कुठल्या बाजूला वळायचं हे त्याला कळायला मार्ग नाही. कधी चालेल, कधी नाही. असा अर्धवट चालणारा दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून तो आधीच निस्तरा: एका बाजूचा तिसरा भाग बदलून टाका.

घरगुती वापरासाठी राखलेले अ‍ॅड्रेस तीन गटांत येतात: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. यातला कुठलाही तुकडा घ्या, फक्त दोन बाजूंना एकच नको.

दोन्ही टोकं एकाच राउटरला जोडलेली असतील, म्हणजे त्याच राउटरची केबल आणि त्याचंच वाय-फाय, तर पहिले तीन भाग सारखेच असणार आणि त्यात काही चूक नाही. तुमचं काम पायरी ५ मध्ये होईल.

केबलवर १६९.२५४ ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस दिसला, तर त्या बाजूला अ‍ॅड्रेस वाटणारं कोणी नाही असा अर्थ घ्या. दोन यंत्रं थेट जोडली की हे नेहमीच दिसतं. घाबरू नका, पायरी ४ मध्ये आपण हाताने अ‍ॅड्रेस देणार आहोत.

३. रूट टेबल वाचायला शिका

या लेखातली एकच पायरी करायची म्हटलं, तर ही करा. सेटिंगच्या खिडक्या दर आवृत्तीत जागा बदलतात, रूट टेबल, म्हणजे कुठला ट्रॅफिक कुठल्या बाजूने पाठवायचा याची कॉम्प्युटरकडची यादी, मात्र सगळीकडे सारखंच वाचता येतं.

कमांड प्रॉम्प्टवर 'रूट प्रिंट' चालवा ('रूट'चं स्पेलिंग: आर-ओ-यू-टी-ई). यादी लांबलचक येते; आपल्याला 'आयपीव्ही४ रूट टेबल' एवढाच भाग हवा आहे. त्यात पाच रकाने असतात: कुठे जायचं, मास्क, गेटवे, इंटरफेस (आपल्या ज्या बाजूने जायचं तिचा अ‍ॅड्रेस) आणि मेट्रिक (त्या वाटेचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा). केबल लावल्यावर इंटरनेट बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरवर साधारण अशा ओळी सापडतात:

०.०.०.० | ०.०.०.० | १९२.१६८.१.१ | १९२.१६८.१.२३ | ४५
०.०.०.० | ०.०.०.० | १९२.१६८.५०.१ | १९२.१६८.५०.१० | २५
१९२.१६८.५०.० | २५५.२५५.२५५.० | ऑन-लिंक | १९२.१६८.५०.१० | २८१

चार शून्यांची ओळ म्हणजे 'बाकी सगळं इकडून'. इंटरनेट याच ओळीने जातं. इथे अशा दोन ओळी आहेत, एक वाय-फायची आणि एक केबलची. दोन्ही तोडीस तोड असल्या की कमी मेट्रिकची ओळ जिंकते. २५ हा ४५ पेक्षा कमी, म्हणून सगळं इंटरनेट १९२.१६८.५०.१ कडे वळलं. तिथे बसली आहे नेटवर्क डिस्क किंवा इंटरनेट नसलेला जुना राउटर. झालं, पान उघडत नाही.

आता तिसरी ओळ बघा. 'ऑन-लिंक' म्हणजे गेटवे न लागता थेट जोडलेलं. तिचं मेट्रिक २८१, म्हणजे वरच्या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त. तरीही १९२.१६८.५०.७ ला जायचं असेल तर हीच ओळ जिंकते, कारण मेट्रिक बघण्याच्या आधी कॉम्प्युटर एक गोष्ट तपासतो: अ‍ॅड्रेसशी सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ कुठली? 'बाकी सगळं' यापेक्षा '१९२.१६८.५० चं नेटवर्क' हे जास्त नेमकं आहे. सारख्याच नेमक्या ओळी असतील, तरच गोष्ट मेट्रिकवर येते.

पत्र टाकताना पूर्ण पत्ता जुळला तर थेट त्या घरी आणि नाहीतर मोठ्या पोस्टात, तसंच हे चालतं. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या सेटिंग का करायच्या ते आपोआप समजतं.

हे मेट्रिक विंडोज स्वतःच ठरवतं, जोडणीच्या वेगावरून. गिगाबिट केबलला साधारणपणे २५ मिळतं आणि वाय-फायला त्याहून जास्त. म्हणून काहीही न करता केबल वरचढ ठरते, मग तिच्या पलीकडे इंटरनेट असो वा नसो.

४. इंटरनेट वाय-फायवर, केबलवर फक्त घरातलं यंत्र

उपाय अगदी सोपा आहे: केबलच्या बाजूला डिफॉल्ट गेटवे ठेवायचाच नाही.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाइप करून एंटर मारा. सगळ्या अ‍ॅडॅप्टरची खिडकी उघडेल. 'इथरनेट'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. आता अ‍ॅड्रेस हाताने भरा:

- आयपी अ‍ॅड्रेस: १९२.१६८.५०.१०
- सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
- डिफॉल्ट गेटवे: रिकामा
- डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून अ‍ॅड्रेस शोधून देणारा सर्व्हर): दोन्ही रकाने रिकामे

केबलच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला याच नेटवर्कमधला वेगळा अ‍ॅड्रेस द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.७. त्यालाही या बाजूने गेटवे नको.

गेटवेचा रकाना रिकामा सोडताना हात अडखळतो. फॉर्म अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, आणि 'काहीतरी तर भरायला हवं' म्हणून माणूस तिथे समोरच्या यंत्राचाच अ‍ॅड्रेस लिहितो. नेमकं तेच करू नका. गेटवे भरलात की चार शून्यांची दुसरी ओळ टेबलमध्ये उभी राहते. एकाच कॉम्प्युटरवर दोन गेटवे भरले तर विंडोज स्वतःही इशारा देतं. तो वाचा, घाईने 'येस' दाबू नका.

पुन्हा 'रूट प्रिंट' चालवा. चार शून्यांची एकच ओळ उरली असेल आणि तिचा गेटवे वाय-फायच्या राउटरचा असेल, तर काम झालं.

यानंतरही समोरचं यंत्र दिसत नसेल तर फायरवॉलकडे बघा. ज्या जोडणीला गेटवे नाही, तिला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि बहुधा पब्लिक गटात टाकतं. पब्लिक गटात फाइल शेअरिंग बंद असतं. शिवाय विंडोज बाहेरून आलेल्या पिंगला ('आहेस का?' अशा चाचणी-संदेशाला) सहसा उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग आलं नाही म्हणजे जोडणी नाही असं समजू नका. आधी शेअर केलेलं फोल्डर उघडून बघा, आणि त्या जोडणीपुरती फायरवॉलमधून परवानगी द्या. पूर्ण फायरवॉल बंद करायचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नका.

५. दोन्हीकडे इंटरनेट: कोण पुढे ते ठरवा

त्याच खिडकीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४'च्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण आहे. त्यात तळाशी 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची टिक काढा आणि आकडा भरा. केबलला १०, वाय-फायला ५०. आकडे कुठलेही चालतात, फरक स्पष्ट असला की झालं. केबल काढली की तिची ओळ टेबलमधून जाते आणि वाय-फायची ओळ काम हाती घेते.

इथे तीन गोष्टी लोकांना अडवतात.

पहिली, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या अ‍ॅड्रेसची नवी पद्धत. वरची सेटिंग फक्त आयपीव्ही४ ची आहे. तुमची इंटरनेट सेवा आयपीव्ही६ देत असेल, तर बऱ्याच मोठ्या वेबसाइट त्यावरूनच उघडतात आणि त्यांच्यासाठी मेट्रिक वेगळं असतं. 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६'मध्ये जाऊन तेच आकडे तिथेही भरा. 'मेट्रिक बदललं तरी काही फरक नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरी, हाताने दिलेला गेटवे. राउटरकडून आपोआप मिळालेल्या गेटवेच्या ओळीला फक्त अ‍ॅडॅप्टरचं मेट्रिक लागतं. हाताने भरलेल्या गेटवेत विंडोज आणखी २५६ मिळवतं. म्हणजे केबलला स्थिर अ‍ॅड्रेस दिला असेल, तर तिचं २५ चं २८१ होतं आणि ४५ वालं वाय-फाय पुढे जातं. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्येच गेटवेच्या नावावर क्लिक करून 'एडिट' करा, तिथली 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची टिक काढून १ भरा.

तिसरी गोष्ट अपेक्षेची आहे. केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू ठेवल्याने वेगाची बेरीज होत नाही. एका वेळी एकाच ओळीने इंटरनेट जातं. आणि बाजू बदलली की कॉम्प्युटरचा अ‍ॅड्रेस बदलतो, म्हणून चालू असलेला व्हिडिओ कॉल किंवा डाउनलोड तुटू शकतं. महत्त्वाच्या कॉलच्या मध्येच केबल काढून प्रयोग करू नका.

६. केबलच्या पलीकडे आणखी एक नेटवर्क असेल तर

हे सगळ्यांना लागत नाही. केबलच्या बाजूला आणखी एक राउटर असेल आणि त्याच्या मागे, समजा, १९२.१६८.६० चं नेटवर्क असेल, तर तिथे जायला टेबलमध्ये ओळच नसते. ती हाताने घालायची. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि ही कमांड चालवा:

रूट -पी अ‍ॅड १९२.१६८.६०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.५०.१

शेवटचा अ‍ॅड्रेस म्हणजे त्या राउटरची आपल्याकडची बाजू. '-पी' विसरलात तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर ओळ गायब होते. काढून टाकायची असेल तर 'रूट डिलीट १९२.१६८.६०.०'.

जाण्याइतकीच परतीची वाटही महत्त्वाची. पलीकडच्या यंत्राला १९२.१६८.५० कडे कसं यायचं हे माहीत नसेल, तर तुमची विनंती पोचते आणि उत्तर हरवतं. घरगुती राउटर मूळ सेटिंगवर असेल तर त्याची फायरवॉल बाहेरून येणारा ट्रॅफिक मुळात आतच सोडत नाही. अशा वेळी त्या राउटरला नुसत्या अ‍ॅक्सेस पॉइंटसारखं (स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय देणाऱ्या यंत्रासारखं) लावून दोन्ही नेटवर्क एकच करून टाकणं, हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

७. वाय-फायचं इंटरनेट केबलवरून दुसऱ्या यंत्राला

'एनसीपीए डॉट सीपीएल'ची खिडकी उघडा. इथे उलटसुलट होण्याची भीती जास्त, म्हणून हे वाक्य सावकाश वाचा: टिक त्या अ‍ॅडॅप्टरवर करायची, ज्यावर इंटरनेट येतं. म्हणजे 'वाय-फाय'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'शेअरिंग' टॅब. 'अलाउ अदर नेटवर्क युझर्स टू कनेक्ट' अशा सुरुवातीच्या ओळीवर टिक करा आणि खालच्या यादीतून 'इथरनेट' निवडा.

ओके म्हटल्याबरोबर विंडोज केबलच्या अ‍ॅडॅप्टरला १९२.१६८.१३७.१ हा अ‍ॅड्रेस देतं. आधी तिथे जे भरलं होतं ते पुसलं जातं, म्हणून पायरी ४ चे आकडे कागदावर हवेत. समोरच्या यंत्रावर सगळं 'ऑटोमॅटिक' ठेवा, त्याला १९२.१६८.१३७ मधला अ‍ॅड्रेस आपोआप मिळेल आणि गेटवे म्हणून तुमचा कॉम्प्युटर दिसेल.

ही सोय टीव्ही, गेम कन्सोल किंवा जुन्या डेस्कटॉपला उत्तम. प्रिंटरला मात्र नाही. शेअर केलेल्या बाजूचं यंत्र बाहेर जाऊ शकतं, पण वाय-फायवरचा फोन त्याला शोधू शकत नाही, कारण मध्ये तुमचा कॉम्प्युटर अ‍ॅड्रेस बदलत बसलेला असतो. तुमचा कॉम्प्युटर झोपला की त्या यंत्राचं इंटरनेटही बंद, हेही लक्षात ठेवा. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करावा लागेल.

याच खिडकीत दोन्ही अ‍ॅडॅप्टर निवडले की 'ब्रिज कनेक्शन्स' असा पर्याय येतो आणि तो जास्त सरळ वाटतो. वाय-फायच्या बाबतीत त्याच्या वाटेला जाऊ नका. अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी जोडलेल्या कार्डाच्या हार्डवेअर अ‍ॅड्रेसवरून आलेला ट्रॅफिक स्वीकारतो. ब्रिजच्या मागच्या यंत्राचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस त्याच्या ओळखीचा नसतो, आणि जोडणी बहुधा लंगडत चालते किंवा चालतच नाही.

उलटं काम असेल, म्हणजे केबलचं इंटरनेट वाय-फायने फोनला द्यायचं असेल, तर इतकं काही करायला नको. सेटिंग्जमध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' चालू करा. त्यावर आठ यंत्रं जोडता येतात.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी

मॅकवर 'नेटवर्क' सेटिंगमध्ये 'सेट सर्व्हिस ऑर्डर' आहे. तिथे जी जोडणी ओढून वर ठेवाल, ती पुढे. शेअर करायला 'शेअरिंग'मधलं 'इंटरनेट शेअरिंग'.

लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर केबलला १०० आणि वाय-फायला ६०० मेट्रिक देतो, त्यामुळे केबल आपोआप पुढे. पायरी ४ चं काम करायला केबलच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये 'यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क' अशी टिक मिळते. एका टिकेत काम होतं. शेअर करायला त्याच ठिकाणी 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवडा, केबलच्या बाजूला १०.४२.०.१ मिळेल. टेबल बघायची कमांड 'आयपी रूट'.

८. तपासा, आणि पुन्हा सुरू करून परत तपासा

कमांड प्रॉम्प्टवर 'ट्रेसर्ट -डी ८.८.८.८' चालवा (८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा एक सर्व्हर आहे). स्पेलिंग: टी-आर-ए-सी-ई-आर-टी. पहिल्या ओळीत ज्याचा अ‍ॅड्रेस येईल, त्याच गेटवेतून इंटरनेट जातं आहे. १९२.१६८.१.१ आला तर वाय-फाय. आता समोरच्या यंत्राचा अ‍ॅड्रेस देऊन तीच कमांड चालवा. मध्ये कोणी न येता थेट एका ओळीत पोचायला हवं. समोर विंडोज असेल आणि ते पिंगला उत्तर देत नसेल, तर इथेही उत्तर येणार नाही.

व्हीपीएन वापरत असाल तर ही तपासणी ते बंद ठेवून करा. व्हीपीएन स्वतःच्या ओळी टेबलमध्ये घालतं, आणि काही व्हीपीएन घरातल्या नेटवर्ककडे जाणारा ट्रॅफिकही अडवतात. बंद असताना चालतं आणि चालू केल्यावर नाही, तर त्याच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देणारा पर्याय शोधा.

मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि सगळं परत बघा. पायरी ७ केली असेल तर हे फार गरजेचं, कारण रीस्टार्टनंतर शेअरिंगची टिक तशीच दिसते, पण इंटरनेट पुढे जात नाही, असं पुष्कळदा होतं. टिक काढून ओके, पुन्हा टिक करून ओके, की ते सुरू होतं. वारंवार होत असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' शोधून त्याचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' करून बघा.

आणि केबल लावताक्षणी वाय-फायच बंद पडत असेल, तर रूट टेबलमध्ये वेळ घालवू नका. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) केबल जोडली की वाय-फाय बंद करणारी सेटिंग असते. वायरलेस किंवा पॉवरच्या पानावर लॅन आणि डब्ल्यूलॅन (वाय-फाय) यांच्यात अदलाबदल करणारा पर्याय दिसतो का बघा आणि तो बंद करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हीच बंदी आयटी विभागाने घातलेली असू शकते. तिथे त्यांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.